दोन ओळी मोकळ्या

आमच्या एका सभासदाला नात झाली, तेव्हा मंडळाच्या वार्तापत्रात आलेली बातमी अशी होती: "सभासदांस नात झाली. वजन तीन किलो असल्याचे सांगण्यात आले. पडताळणी होऊ शकली नाही. बाळ झोपले होते."

हे छापणारे गृहस्थ म्हणजे आमचे चिटणीस. मंडळ सोलापूर भागातल्या उद्यानविद्येच्या माजी विद्यार्थ्यांचं. झाडं कशी लावावीत यावर परीक्षा दिल्या आणि पुढे जन्मभर फायलीत कागद लावले, असे आम्ही सगळे. वर्षातून एकदा जानेवारीत, बोरं पिकली की, स्नेहमेळावा भरवायचा, एकमेकांच्या पोटांकडे बघून "तब्येत छान आहे" म्हणायचं आणि जेवून घरी जायचं, एवढंच खरं तर मंडळाचं काम. पण चिटणिसांनी त्याला एक शेपूट लावलं होतं. दर तीन महिन्यांनी चार पानांची 'सभासद वार्ता' निघायची आणि पोस्टाने घरोघर जायची. मी अकरा वर्षं सहचिटणीस होतो. पत्ते लिहिणं, तिकिटं चिकटवणं आणि चिटणिसांची पिशवी धरणं, ही त्या पदाची कर्तव्यं.

पिशवी साधी नव्हती. तिच्यात एक जाडजूड रजिस्टर, मोजपट्टी, भिंग, कलमाचा चाकू आणि एक पाण्याची बाटली असायची. बाटली पिण्यासाठी नव्हे, पंचा भिजवण्यासाठी. सोलापूरच्या उन्हात हा माणूस डोक्यावर ओला पंचा टाकायचा, त्यावर हेल्मेट घालायचा आणि जुन्यापुराण्या मोपेडवरून हिंडायचा. कुणाच्या घरी पोचला की हेल्मेट काढून पंचा त्यांच्या सोफ्याच्या पाठीवर वाळत घालायचा. जुळे सोलापूर या आमच्या उपनगरातल्या निम्म्या सभासदांच्या सोफ्यांवर त्या पंच्याचे डाग आहेत. बायका नावं ठेवायच्या, पण तोंडावर कुणी बोलायचं नाही. कारण हा माणूस आलाय म्हणजे आपली बातमी छापून येणार, एवढा लोभ प्रत्येकाला होताच.

त्यांचे नियम दोन. पहिला, स्वतःची बातमी स्वतः द्यायची नाही; ती दुसऱ्या सभासदाने कळवायची. दुसरा, कळवलेली बातमी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छापायची नाही. फोन करून कुणी म्हणालं, "अहो, आपल्या अमक्याला बढती मिळाली," की पलीकडून एकच शब्द यायचा, "पाहिलंत?"

या दोन नियमांनी मंडळाच्या नाकी नऊ आणले होते. पहिल्या नियमामुळे सभासद एकमेकांना गुपचूप फोन करायचे, "तू माझी दे, मी तुझी देतो." दुसऱ्या नियमामुळे बातमी दिल्याचा पश्चात्ताप व्हायचा. एकाने नवा बंगला बांधला. चिटणीस गेले, खोल्या मोजल्या, भिंती बोटाने वाजवून पाहिल्या, गच्चीवर चढले. छापून आलं, "बंगला प्रशस्त आहे. उत्तरेकडील भिंतीस ओल आहे." दुसरा सरकारी दौऱ्यावर इस्रायलला जाऊन आला. चिटणिसांनी पासपोर्ट मागितला. बातमी अशी: "परदेशी गेल्याचे शिक्के पाहिले. तेथे काय शिकलात असे विचारले असता समाधानकारक उत्तर मिळाले नाही." तिसऱ्याच्या मुलीच्या लग्नात हे स्टेजवर चढले आणि आहेराची रांग खोळंबलेली असताना नवऱ्या मुलाला विचारत राहिले, "एम.टेक. पूर्ण झालंय की एक विषय राहिलाय?" राहिला होता. ते मांडवात तेव्हाच कळलं.

आम्ही सगळे निदान उपसंचालक तरी होऊन निवृत्त झालो. हा माणूस सरकारी रोपवाटिकेत लागला आणि तिथूनच पर्यवेक्षक म्हणून बाहेर पडला. आमच्यात सगळ्यात खालच्या पदावरून निवृत्त झालेला तोच, आणि नखांत माती असलेलाही तोच. त्याची भरपाई म्हणून की काय, मंडळातल्या पदांवर त्यांचं भारी प्रेम. अकरा वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. सकाळी सहाला फोन वाजायचा, "सहचिटणीस, चिटणीस बोलतोय."

केम गावच्या सभासदाची गोष्ट आमच्यात अजून सांगतात. एका सकाळी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये केमच्या एका सभासदाच्या निधनाची बातमी आली. लगेच हारांची चित्रं, पेटत्या पणत्या, "एक वटवृक्ष कोसळला" वगैरे सुरू झालं. मीही लिहिलं, "फळबागक्षेत्राची कधीही न भरून येणारी हानी." त्या माणसाने आयुष्यात एक झाड लावलेलं मला आठवत नव्हतं, पण अशा वेळी कोण हिशेब करतो? चिटणिसांनी मला फोन केला आणि विचारलं, "पाहिलंत?" मी म्हटलं, "अहो, आता काय बघायचं राहिलंय?" त्यांनी फोन ठेवला आणि केमची गाडी पकडली.

सभासद अंगणात शेंगा फोडत बसले होते. वारला होता तो त्यांच्याच नावाचा चुलतभाऊ. मांडीवर मोबाइल ठेवून ते आमच्या श्रद्धांजल्या वाचत होते आणि सुनेला वाचून दाखवत होते, "लई चांगलं लिवलंय की माझ्याबद्दल. ह्यो सहचिटणीस तर लई रडलाय." ग्रुपमध्ये खुलासा का केला नाही, असं चिटणिसांनी विचारल्यावर म्हणाले, "अजून येत्यात की. सगळी येऊ द्या, मग सांगतो." पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत आलं, "केम येथील सभासद हयात आहेत. चहा दिला."

आता त्या दोन ओळींबद्दल. वार्तापत्राच्या चौथ्या पानावर, अगदी खाली, चिटणीस दर वेळी दोन ओळींची जागा मोकळी सोडायला लावायचे. त्यावर बारीक अक्षरात मथळा असायचा, 'उशिरा आलेली बातमी'. मथळ्याखाली काही नाही. शहराच्या पूर्व भागातला आमचा छापखानेवाला दर अंकाला कुरकुरायचा, "ओ साहेब, मोकळी जागा सोडून कोण छापतंय? एक गुलाब टाकतो की तिथं. नायतर तुमचंच एक सुवचन टाका." चिटणीस म्हणायचे, "राहू द्या. येईल."

काय येईल, ते मला त्यांच्या बायकोने सांगितलं. एकदा मी पत्त्यांच्या पट्ट्या घेऊन त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर गेलो होतो. ते न्हाणीघरात होते. वहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "ती जागा होय? ती त्यांच्या स्वतःच्या बातमीची. तीस वर्षं झाली. स्वतः स्वतःची द्यायची नाही हा नियम यांचाच, आणि दुसऱ्या कुणाला सुचत नाही. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी कळवेल. तुमच्यापैकी पंधरा-वीस जण होते की समारंभाला."

मी होतो. पेढाही खाल्ला होता.

चिटणीस बाहेर आले तेव्हा मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, "तुमची बातमी कधी आली नाही हो वार्तेत?" त्यांनी रजिस्टर काढलं आणि शेवटची पानं उघडली. तिथं सगळ्या सभासदांची यादी होती आणि प्रत्येकापुढे आजवर किती बातम्या आल्या तो आकडा. अध्यक्षांपुढे चाळीसच्या वर. माझ्यापुढे नऊ. त्यांच्या स्वतःच्या नावापुढे शून्य, तेही नीट, गोल, शाईने काढलेलं. "कुणी कळवली नाही," ते म्हणाले आणि रजिस्टर मिटून चहा प्यायले. आवाजात तक्रार नव्हती, पण त्या शून्याभोवती त्यांनी बोट मात्र दोनदा फिरवलं.

एखाद्या बऱ्या माणसाने घरी जाऊन दोन ओळी लिहिल्या असत्या. मी काय केलं? पुढच्या स्नेहमेळाव्यात त्याची नक्कल केली. ओल्या पंच्याऐवजी डोक्यावर हातरुमाल घेतला, एका ताटाचं रजिस्टर केलं आणि म्हटलं, "चिटणिसांची बातमी: चिटणीस आहेत असे सांगण्यात आले. पडताळणी होऊ शकली नाही." लोक लोळून हसले. अध्यक्षांनी मला पुन्हा करायला लावलं. चिटणीस लांब पाण्याच्या पिंपाजवळ उभे होते. त्यांनी ऐकलं असणार, पण मला नंतर म्हणाले एवढंच, "सहचिटणीस, ताटं परत मोजून घ्या."

अध्यक्षांबद्दल थोडं सांगायला हवं. मोठी नर्सरी, मोठी गाडी, मोठा आवाज. भाषणात "आपण सारे एका झाडाच्या फांद्या" हे वाक्य आल्याशिवाय ते खाली बसत नसत. वळसंगच्या रस्त्याला मंडळाची एक छोटी जागा आहे. तिथं मंडळ सुरू झालं त्या वर्षी त्यांनी एक बोरीचं कलम लावलं होतं. झाडाला कट्टा, कट्ट्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर अध्यक्षांचं नाव झाडापेक्षा मोठं. आम्ही मेळाव्याला दर वर्षी त्या झाडाखाली फोटो काढायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात अध्यक्षांनी जाहीर केलं की या झाडात त्यांना एक नवं वाण सापडलंय. बोरं बाजारातल्या बोरांसारखी मोठी नाहीत, लहान आणि गोल आहेत, पण चव अस्सल. वाणाला त्यांचंच नाव द्यायचं, नर्सरीतून महाराष्ट्रभर पोचवायचं, आणि वार्तेच्या पहिल्या पानावर ही बातमी घ्यायची. नर्सरीच्या नव्या फलकावर ते नाव रंगवूनही झालं होतं. मग टोपल्या फिरल्या. आम्ही चाळीस-पन्नास फळशास्त्राचे पदवीधर ती बोरं तोंडात घोळवू लागलो. एक म्हणाला, "आंबटगोडाचा तोल बघा." दुसऱ्याला टिकाऊपणा जाणवला, तो न टिकवताच. "निर्यातीला उत्तम," असं म्हणणारा मी होतो.

चिटणिसांनी बोर खाल्लं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कट्ट्याच्या आत उतरले आणि गुडघे टेकून बुंध्याजवळची माती चाकूने उकरायला लागले. अध्यक्ष हसून म्हणाले, "आमचे चिटणीस पायापासून पडताळणी करतात!" सगळे हसले. पाच मिनिटं झाली, तरी चिटणीस उठेनात. मग त्यांनी भिंग लावून काहीतरी पाहिलं, बोटाने एक काळं पडलेलं लाकूड दाखवलं आणि वर न बघता म्हणाले, "अध्यक्ष, हा खुंट आहे."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांगल्या जातीची बोर करायची तर आधी रानबोरीचं रोप वाढवतात, तो खुंट. त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवतात. तो जगला तर वरचं झाड चांगलं येतं. तो मेला आणि कुणी पाहिलं नाही, तर खालून रानबोर फुटते आणि तीच मोठी होते. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. अध्यक्षांचं कलम केव्हाच वठलं होतं. आम्ही वीस-पंचवीस वर्षं एका रानबोरीला कट्टा बांधून, छाटणी करून, तिच्याखाली फोटो काढत आलो होतो. बांधावर शेळ्या खातात ती बोरं आम्ही निर्यातीला काढली होती.

तोंडात बोर असलेल्या चाळीस-पन्नास माणसांची शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. काहींनी बी थुंकली, काहींनी गिळली. चिटणिसांनी रजिस्टर उघडलं आणि कुणाचा अपमान करण्याचा जराही हेतू नसलेल्या आवाजात विचारलं, "बातमी द्यायची असेल तर अशी देता येईल: अध्यक्षांचे कलम वठले असून खुंट जोमदार आहे. चालेल?"

नाही चाललं. जेवणं झाल्यावर लगेच अध्यक्षांनी सभा घेतली. काळ बदललाय, म्हणाले. बातम्या आता ग्रुपवर क्षणात पोचतात, हे पोस्ट, हा छापखाना, ही घरोघर जाऊन तपासणी कशाला? चिटणिसांनी पुष्कळ केलं, आता त्यांना सन्मानाने मोकळं करावं. 'सभासद वार्ता' बंद करण्याच्या बाजूने कोण आहे? हात वर झाले. माझा हात कधी वर गेला ते मला कळलंच नाही, असं मी बरेच दिवस सांगत होतो. कळलं होतं. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते आणि मला पुढच्या वर्षी चिटणीस व्हायचं होतं.

चिटणिसांनी हात मोजले, रजिस्टरमध्ये आकडा लिहिला आणि म्हणाले, "ठराव मंजूर. शेवटचा अंक काढतो. बातम्या कळवा." सत्काराची शाल घ्यायला ते थांबले नाहीत. पंचा भिजवला, हेल्मेट घातलं आणि मोपेड सुरू करायला लागले. ती पटकन सुरू होईना. आम्ही सगळे बघत होतो, पण धक्का द्यायला कुणी पुढे झालं नाही. मीही नाही.

शेवटच्या अंकासाठी एकानेही बातमी कळवली नाही.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी मी वर्षाची ज्वारी बघायला वळसंगला गेलो होतो. ज्याच्याकडून घेतो त्याचं शेत गावाच्या पलीकडे आहे. वाटेत एका बांधावर ओळीने बोरी दिसल्या. टपोरी, पिवळी, लांबट बोरं. खाली दोन शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून फांद्या ओढत होत्या आणि एक म्हातारी त्यांना हाकलत टोपलीत बोरं भरत होती. मी एक खाल्लं. यावेळी खरंच चांगलं होतं. मी विचारलं, "मावशी, कुठल्या नर्सरीतली कलमं?"

"कुटली नर्सरी?" म्हातारी म्हणाली. "रानबोरीच हुत्या ह्या. फटफटीवर एक म्हातारं येतंय सोलापुरास्नं, डोक्यावर वलं फडकं टाकून. पावसाळ्यात दर आयतवारी येतंय. आदी उनाळ्यात येऊन झाडं छाटून जायचं, मग फुटवा आला की त्याच्यावर चांगला डोळा भरायचा. आमी बोरीचं मास्तर म्हणतो त्यास्नी. ही आमची झालीत, पलीकडं धनगराच्या बांदावर हायत, वढ्याकडंला हायत. लई झाडं केली की."

"पैसे घेतात?"

"च्या बी घेत न्हाईत नीट. म्हणत्यात, पयलं झाड दावा."

मी ज्वारी न बघताच परतलो. जुळे सोलापुरात त्यांच्या जिन्यावर चढताना मला स्वतःचा राग येत होता आणि आनंदही होत होता, आणि दोन्हींची जरा लाजही वाटत होती. दार उघडताच म्हटलं, "चिटणीससाहेब, शेवटच्या अंकाला बातमी आहे. तुमची."

त्यांनी मला आत घेतलं. मग खुर्चीवर बसले, रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं. मी वळसंगचं सगळं सांगितलं.

"पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं."

"किती झाडं?"

"पुष्कळ आहेत."

त्यांनी टोपण परत लावलं. "पुष्कळ हा आकडा नाही, सहचिटणीस."

पुढच्या रविवारी मी पुन्हा वळसंगला गेलो आणि बांधाबांधाने काट्यांतून हिंडत झाडं मोजली. एकसष्ट. आकडा घेऊन त्यांच्याकडे आलो. त्यांनी लिहून घेतला आणि म्हणाले, "कळवणारे तुम्ही. पडताळणी कोण करणार? कळवणाऱ्याला करता येत नाही. मलाही येत नाही, बातमी माझी आहे." मी वैतागून म्हणालो, "अहो, शेवटचा अंक आहे, कोण बघतंय आता?" ते म्हणाले, "म्हणूनच."

मी ग्रुपवर लिहिलं: चिटणिसांच्या बातमीची पडताळणी करायला एक सभासद हवा, वळसंगपर्यंत यायचं, गाडी माझी. बावीस अंगठे आले. एकाने हात जोडले. केमच्या सभासदाने "लई भारी" लिहिलं. एकाने घाईत वाढदिवसाचा केक टाकला. अध्यक्षांनी लिहिलं, "वेळ मिळाल्यास पाहू." वेळ कुणाला मिळाला नाही. सगळे निवृत्त होते.

शेवटी मी एक युक्ती केली. वळसंगची म्हातारी मंगळवारी बाजाराला बोरं घेऊन सोलापुरात येते. तिला टोपलीसकट गाडीत घातलं आणि चिटणिसांच्या फ्लॅटवर नेलं. ती सोफ्यावर बसेना, खाली फरशीवर बसली. मी म्हटलं, "या पडताळणीला. यांनी सगळी झाडं पाहिलीत."

चिटणिसांनी तिला हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या सभासद नाहीत."

मी कपाळाला हात लावला. पण म्हातारी बोलली. "काय वो मास्तर," ती म्हणाली, "माज्या बांदावर सुरी घिऊन आलतासा, तवा मी इचारलं व्हतं का, तुमी सभासद हाय का म्हणून?"

स्वयंपाकघरातून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. चिटणीस हसले नाहीत. तीस वर्षांत त्यांच्या नियमाला कुणी एवढं सोपं उत्तर दिलं नसावं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिला विचारलं, "किती झाडं?"

"साट."

मी म्हणालो, "एकसष्ट. मी मोजलीत."

"साट," म्हातारी म्हणाली. "हिरीजवळचं लागलंच न्हाई. तुमी खुंट मोजलासा, साहेब."

चिटणिसांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांकडे पाहिलं होतं तसंच, कसलाही राग न धरता. निर्यातीला उत्तम म्हणणारा मीच होतो, हे त्यांना आठवत होतं की नाही कोण जाणे. मला आठवत होतं.

शेवटचा अंक एकाच पानाचा निघाला, कारण बातमी एकच होती. छापखानेवाल्याने यावेळी गुलाबाचा आग्रह धरला नाही. 'उशिरा आलेली बातमी' या मथळ्याखाली छापलं होतं: "चिटणिसांनी वळसंग येथे साठ रानबोरींवर डोळे भरले. एकसष्टावे लागले नाही. सहचिटणिसांनी तेही मोजले होते. पडताळणी: वळसंगच्या बाई, सभासद नाहीत."

पत्ते मी लिहिले, तिकिटं मी चिकटवली. उन्हाळ्यानंतर चिटणीस आणि वहिनी मुलीकडे कोल्हापूरला राहायला गेले. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांची पिशवी भरून देण्याच्या निमित्ताने गेलो. तिथं रजिस्टर उघडं होतं. त्यांच्या नावापुढच्या शून्यावर काट मारून एक लिहिलेलं होतं, आणि तो एक त्यांनी जरा जास्तच मोठा काढला होता. ते बघून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

अंकाची एक प्रत त्यांनी मला दिली. मी ती कितव्यांदा तरी वाचली आणि तेव्हा लक्षात आलं की बातमीच्या खाली पुन्हा दोन ओळींची जागा मोकळी सोडलीय. वार्ता बंद झाली होती. छापखान्यालाही तसं सांगून झालं होतं. मी विचारलं, "आता ही कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," ते म्हणाले.

मी म्हटलं, "माझ्या तर नऊ बातम्या येऊन गेल्यात."

"त्या पाहिल्यात मी," चिटणीस म्हणाले आणि पंचा भिजवायला उठले. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा पुढे म्हणाले, "काही केलंत, तर मला कळवू नका. नियम माहीत आहे तुम्हाला."